पास करील तो बसेल

हॉर्न वाजला की शिक्का पडायचा. वाहन तपासणी केंद्रात वर्षानुवर्षं तपासणी म्हणत ती एवढीच. बस अंगणात यायची, ड्रायव्हर खिडकीखाली गाडी उभी करून दोनदा हॉर्न मारायचा, आणि आत खुर्चीत रेललेले शिक्केमास्तर मान वर न करता म्हणायचे, "आवाज खणखणीत आहे. जा." की शिक्का पडलाच. खरं तर ते तपासनीस, हुद्दा चांगला भारदस्त, पण शिक्केमास्तर हेच नाव त्यांना चिकटलं होतं आणि त्यांनाही ते गोड वाटायचं. गाडीच्या खाली जाऊन बघता यावं म्हणून अंगणात एक लांबट खड्डा बांधलेला होता. त्यात फुटक्या ट्यूबा, चहाचे कागदी कप आणि मोडकी खुर्ची पडलेली. एका मांजरीनं तिथे संसार थाटला होता. तपासणीचा तिला कधी म्हणून त्रास झाला नाही.

अशीच हॉर्न वाजवून पास झालेली एक बस टेकडीच्या उतारावर ब्रेक जाऊन खाली कोसळली. त्या बसचा कंडक्टर बाईंचा थोरला भाऊ होता.

बाई म्हणजे पुढे ज्या त्या केंद्राच्या, आणि त्याच्यासारख्या सगळ्या केंद्रांच्या, मुख्य अधिकारी झाल्या त्या. तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे, पाठीमागे 'लाल दिवा'. तेव्हा ती कुणीच नव्हती. परीक्षेची पुस्तकं छातीशी धरून फिरणारी एक पोरगी. आईवडील लहानपणीच गेलेले, दादानंच तिला वाढवलेलं. ड्यूटीवरून आला की तो बादलीत गरम पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसायचा आणि तिचं पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारायचा. त्याला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण ती अडखळली की बरोबर ओळखायचा आणि म्हणायचा, "फेकू नकोस. पुन्हा वाच."

चौकशी बसली तेव्हा ती मागच्या बाकावर बसून होती. शिक्केमास्तर उभे राहिले, कॉलर नीट केली आणि ठणकावून म्हणाले, "गाडी ठणठणीत होती. मी स्वतः खाली उतरून पाहिलं होतं." धडधडीत खोटं. मग ते ग्लासभर पाणी प्यायले, अगदी सावकाश, आणि तोंड पुसून खाली बसले. ठपका आला तो दादावर: प्रमाणाबाहेर माणसं भरली, कंडक्टरचा हलगर्जीपणा. मेलेला माणूस काय बोलणार? घरी वहिनीला शेजारणी तोंडावर म्हणाल्या की तुझ्या नवऱ्यानं चार जास्तीच्या तिकिटांपायी लोकांचे जीव घेतले. वहिनीनं दार लावून घेतलं, नणंदेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही शिका. पोट मी भरते. पण त्या माणसाला सोडायचं नाही."

"नाही सोडत," ती म्हणाली.

आणि नाही सोडलं. लोक पोटासाठी शिकतात, नावासाठी शिकतात, ही सुडासाठी शिकली. खात्याची परीक्षा दिली, पास झाली, एकेक पायरी चढत गेली. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "आधी एक काम आहे." तेवढ्यात शिक्केमास्तरही चढले. बढती मिळून मुख्य कचेरीत गेले, तिथे पंख्याखाली बसून आणखी मोठे शिक्के मारू लागले. आणि रोज संध्याकाळी बाई चपला काढते न काढते तोच वहिनी स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं त्याचं?"

"होईल."

"होईल होईल म्हणता म्हणता तो पेन्शनीत निघेल, वन्सं."

या रागानं बाईंची झोप उडाली होती. कुणीतरी सांगितलं म्हणून ती स्वामींकडे जाऊ लागली. हे स्वामी म्हणजे अंगारे-धुपारे करणारे नव्हते. एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या, खालून इस्त्रीची वाफ येत असायची, आणि वर पाच-सात माणसं सतरंजीवर बसून पोथी ऐकायची. स्वामी आधी शाळेत शिकवायचे, तो मास्तरी खाक्या अजून गेला नव्हता. कुणी जांभई दिली की पोथी मिटायचे. पाया पडायला वाकलं की म्हणायचे, "कंबर दुखेल, सरळ बस." बाईंना हे आवडलं. गोड बोलणाऱ्या माणसांवरचा तिचा विश्वास चौकशीतच उडाला होता.

एकदा सगळे गेल्यावर ती मागे राहिली आणि तिनं सरळच विचारलं, "ज्यानं दुसऱ्याचा जीव घेतला, त्याला शिक्षा देणं पाप आहे का?"

स्वामींनी चष्मा काढला. "शिक्षा द्यायचीय की सूड घ्यायचाय?"

"फरक काय पडतो?"

"तुला पडतो. त्याला नाही." चष्मा पुसत ते म्हणाले, "आपण इथे कर्म आणि फळ म्हणून घसा कोरडा करतो. जगात घोळ एवढाच आहे की एकाचं कर्म आणि फळ दुसऱ्याच्या ताटात. स्वयंपाक्याला स्वतःला जेवायचं नसलं की भातात खडे राहतात. तुझ्या हातात सत्ता आहे ना? मग माणसं बदलत बसू नकोस. ताट बदल. ज्यानं रांधलं त्यालाच पहिलं वाढ. बघ भात कसा होतो ते."

स्वामींनी हे सुधारणेसाठी सांगितलं, यात शंका नाही. पण बाईंच्या हातात जणू सुरी ठेवली गेली. जिना उतरता उतरताच तिच्या डोक्यात नियम तयार झाला. घरी येऊन तिनं वहिनीला सांगितलं, "जो गाडी पास करील, त्यानं त्याच गाडीच्या पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसायचं. टेकडीच्या उतारावरून. रिकाम्या गाडीत, एकट्यानं."

वहिनीच्या हातातलं लाटणं थांबलं. "आणि ब्रेक नसले तर?"

"तर नसले."

कितीतरी दिवसांनी त्या रात्री दोघी पोटभर जेवल्या.

नियम लागू झाला त्या दिवशी खात्यात हाहाकार उडाला. एका तपासनिसाला एकाएकी चक्कर यायला लागली, दुसऱ्याला आठवलं की आपल्याला बस लागते, तिसरा म्हणाला, "मॅडम, मला बायकामुलं आहेत." बाई म्हणाली, "बसमध्ये बसणाऱ्यांनाही असतात." झालं, खड्डे उपसले गेले. मांजरीला पिलांसकट बिऱ्हाड हलवावं लागलं. जी माणसं आयुष्यात गाडीखाली वाकली नव्हती ती बॅटरी घेऊन, तेलानं माखून, नट-बोल्टना हात लावून बघू लागली. पहिल्या महिन्यात निम्म्या गाड्या नापास. बसमालकांनी आरडाओरडा केला, मोर्चे आणले, वरून फोन आले. बाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "तुम्हीही बसा पुढच्या सीटवर, मग बोलू." हळूहळू उतारावरचे अपघात थांबले. वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला. पत्रकारानं विचारलं, ही कल्पना कुठून सुचली, तर तिनं स्वामींचं नाव घेतलं. लाँड्रीवाल्याच्या जिन्यावर मोठमोठ्या साहेबांच्या चपलांचा ढीग पडायला लागला, आणि स्वामी वैतागून म्हणाले, "माझी दुपारची झोप गेली."

सगळीकडे वाहवा चाललेली आणि बाईंचं लक्ष एकाच माणसावर. मुख्य कचेरीतल्या शिक्केमास्तरांना तिनं मागून घेतलं. 'अनुभवी माणूस हवा' असं कारण दिलं. अनुभव काय डोंबलाचा! पण वरच्यांनी कौतुकानं पाठवून दिला.

शिक्केमास्तर आले. पोट सुटलेलं, केस पांढरे, कॉलर मात्र तशीच कडक. बाईंना नमस्कार करून म्हणाले, "मॅडम, आपल्याला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं."

"वाटत असेल," ती म्हणाली. "नियम माहीत आहे ना?"

"हो हो. पास करील तो बसेल."

बाई केबिनच्या काचेतून वाट बघत बसली. तिचा हिशेब साधा होता. जन्मभर हॉर्न ऐकून शिक्का मारणारा माणूस, या वयात सवय थोडीच सुटते? आज ना उद्या तो आळस करील, खुर्चीतूनच 'जा' म्हणेल, आणि मग स्वतःच त्या गाडीत चढेल. तिला बोटही उचलावं लागणार नाही.

आणि मास्तरांनी काय करावं? पहिल्याच दिवशी पँट दुमडली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि कण्हत-कुंथत खड्ड्यात उतरले. दुसऱ्या दिवशीही उतरले. रोज उतरू लागले. प्रत्येक पाइपवरून हात फिरवायचे, चाक हलवून बघायचे, ड्रायव्हरला वरून पेडल दाबायला लावायचे आणि खालून ओरडायचे, "पुन्हा दाब! पुन्हा!" जीवावर बेतलं की माणूस कसा कामाला लागतो ते बघून घ्यावं. ड्रायव्हर लोक म्हणू लागले, मास्तरांनी पास केली म्हणजे डोळे झाकून चालवावी.

 बाईंनी घरी येऊन पर्स फेकली. "उतरतो खड्ड्यात! रोज उतरतो!"

"कोण?"

"तोच!"

"म्हणजे सुधारला मेला?" वहिनीनं पातेल्यावर झाकण आदळलं. "आता सुधारला? आमचं वाटोळं झाल्यावर? त्याला काय अधिकार आहे सुधारायचा!"

तुम्ही म्हणाल, हा कसला राग? माणूस चांगलं काम करतोय त्याचाही राग? हो, त्याचाच. आधी तो नालायक होता म्हणून दादा गेला, असं तरी म्हणता येत होतं. आता कळलं की त्याला काम येत होतं. तेव्हाही येत असणार. नुसतं खुर्चीतून उठायचं होतं. स्वतःच्या जिवासाठी जो उठला तो दादाच्या जिवासाठी उठला नव्हता, आणि हे बाईंना जास्त झोंबलं.

अशात डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. तपासनिसांचे डोळे दर वर्षी तपासायचे, हाही बाईंचाच नियम. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या त्या वयस्कर गृहस्थांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करून घेतो म्हणालेत, पण तोवर त्यांना खड्ड्यात उतरवू नका. अंधारात त्यांना काही म्हणता काही दिसत नसणार."

"बघते," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

काचेतून तिला मास्तर दिसत होते. खड्ड्यात उतरताना पाय चाचपत होते. आता तिच्या ध्यानात आलं की ते प्रत्येक पाइपवरून हात का फिरवतात. डोळ्यांचं काम बोटांनी करत होते, आणि काम जाईल या भीतीनं कुणाला सांगत नव्हते. त्यांना नुसतं टेबलावर बसवायचं होतं. एका वाक्याचं काम. बाईंनी ते वाक्य उच्चारलं नाही. घरी वहिनीला मात्र सांगितलं, "त्याला दिसत नाही."

वहिनीनं हातातली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "आपण काही केलेलं नाही. देवानंच केलंय."

त्या आठवड्यात बाई स्वामींकडे गेली ती उशिरा पोचली. बाकीची माणसं जिना उतरत होती. स्वामी सतरंजी गुंडाळत होते. म्हणाले, "ये, लाल दिवा. हो, मलाही कळलंय तुला काय म्हणतात ते. काल एक बसवाला येऊन रडून गेला इथे. आता मला लोक देव समजायला लागलेत. तुझ्यामुळे."

"नियम तुमचाच आहे."

"माझा कसला? मी भाताचं बोललो, गाड्या तू आणल्यास." सतरंजी कोपऱ्यात ठेवून ते तिच्याकडे बघत राहिले. "एक विचारू? मास्तर होतो ना, प्रश्न विचारायची खोड जात नाही. तपासनीस गाडी पास करतो, म्हणून तो गाडीत बसतो. त्या तपासनिसाला कोण पास करतं?"

"मी."

"मग तू कुठे बसतेस?"

बाईंचा चेहरा उतरला आणि दुसऱ्या क्षणी तापला. "स्वामीजी, तुम्हाला माहीत नाही त्यानं काय केलंय."

"नाही माहीत. तू कधी सांगितलं नाहीस. तो एकच माणूस आहे एवढं माहीत आहे. 'लोक' म्हणताना तुझा आवाज वेगळा असतो आणि 'तो' म्हणताना वेगळा." ते कण्हत खुर्चीत बसले. "सूड घे की नको घेऊ, मी सांगून तू थोडीच ऐकणार आहेस? पण नियम केलायस तर त्याच्यात राहा. स्वतःला बाहेर ठेवून केलेल्या नियमाला नियम नाही म्हणत, सापळा म्हणतात."

ती उठली आणि नमस्कार न करता जिना उतरली. वाटेत मनातल्या मनात स्वामींना नाही नाही ते बोलली. दोन खोल्यांत बसून ज्ञान सांगायला काय जातं? यांचा भाऊ गेला असता म्हणजे कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्रात शिरत होती तोच शिट्टीनं गाठलं. शिट्टी म्हणजे एक ड्रायव्हर, सतत शिट्टी वाजवत असायचा म्हणून ते नाव. हसतमुख माणूस. त्याची मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती आणि ती रोज काय बोलते हे तो दिसेल त्याला धरून ऐकवायचा. आज मात्र शिट्टी नव्हती. "मॅडम, पेडल जरा खाली जातंय. दोनचार दिवस झाले. मेकॅनिक म्हणतो तुला भास होतोय."

बाई थांबली. खरं तर लगेच म्हणायला हवं होतं, गाडी बाजूला लाव, आधी दुरुस्ती. तोंडाशी आलंही होतं. पण तिचं लक्ष अंगणात गेलं. मास्तर खड्ड्याच्या काठावर बसून बाह्या वर करत होते.

"तपासणीला लाव," ती म्हणाली. "मास्तर बघतील."

शिट्टीचा चेहरा खुलला. "मास्तर बघणार म्हटल्यावर काळजीच मिटली." आणि तो शिट्टी वाजवत गाडी आणायला गेला. मास्तरांना पेडलचं सांगायची त्याला गरजच वाटली नाही, मॅडमना सांगितलं होतं ना!

बाई केबिनमध्ये जाऊन काचेशी उभी राहिली.  बस खड्ड्यावर आली. मास्तर खाली दिसेनासे झाले. नुकतीच धुतलेली गाडी, खालून पाणी ठिबकत होतं. "दाब! पुन्हा दाब!" असा आवाज येत होता. बराच वेळ लागला. मग मास्तर वर आले, हात फडक्याला पुसले आणि मान डोलावली. पास.

बाईंच्या छातीत धडधडायला लागलं. खोटं कशाला बोला, त्यात भीती नव्हती, आनंद होता. इतक्या वर्षांनी. तिला दादाचे पाण्यात सोडलेले पाय आठवले, चौकशीतलं ते पाणी पिणं आठवलं. आता बस ना पुढे. घे ना पाणी. बघू दे मला तुझी कॉलर.

मास्तर गाडीत चढले, पुढच्या सीटवर बसले आणि खिडकीतून हात बाहेर काढून कुणालातरी हसून काही बोलले. शिट्टी काच पुसत होता. पुसून झाल्यावर त्यानं खिशातून एक लहानसा रंगीत कागद काढला, पोरीनं काढलेलं काहीतरी चित्र असावं, आणि तो काचेच्या कोपऱ्यात चिकटवला. मास्तरांना ते बोटानं दाखवून कौतुकानं काहीतरी सांगू लागला.

आणि बाईंच्या ध्यानात आलं की गाडी माणूस चालवतो.

तुम्ही हसाल. एवढी शिकलेली, एवढी हुशार बाई, तिला हे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं हो. पण इतके दिवस मनात तिनं ती बस शंभरदा उतारावरून सोडली होती, आणि दर वेळी त्यात पुढच्या सीटवर तोच एक होता. ड्रायव्हरच्या जागी कुणी नव्हतंच. सुडाचं हे असंच असतं, त्यात एकाच माणसापुरती जागा असते. आणि उद्या चौकशी बसली तर अहवाल कोण लिहिणार? तीच. आणि काय लिहिणार? चालकाचा हलगर्जीपणा.

ती धावत खाली आली. इंजिन सुरू झालं होतं. 'थांबा' म्हणायला तोंड उघडलं, पण अंगणात सगळे उभे होते. थांबा म्हटलं की का म्हणून विचारतील. काय सांगणार?  म्हणून तिनं दार उघडलं आणि स्वतःच गाडीत चढली.

"मॅडम, आपण?" मास्तर गडबडीनं उठायला लागले.

"बसा," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांना वाटलं, हा आपला मान आहे. बाहेर तर टाळ्याच वाजल्या. बस हळूहळू फाटकाकडे निघाली. फाटकापलीकडे रस्ता, आणि रस्ता सुरू होताच उतार.

"शिट्टी," ती म्हणाली, "इथेच ब्रेक दाब."

"इथे? अजून फाटक पण..."

"दाब म्हणते ना!"

त्यानं दाबला. पेडल पार तळाला गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. त्याच्या तोंडून शिवी निघाली, त्यानं हँडब्रेक ओढत स्टिअरिंग गर्रकन फिरवलं आणि बस भिंतीशी रचलेल्या जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन घुसली. वेग चालत्या माणसाइतकाच होता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चार टायर घरंगळत अंगणभर फिरले आणि आडवे झाले.

सगळे खाली उतरले. मास्तर मात्र उतरले ते सरळ गाडीखाली हात घालायला गेले. हात बाहेर काढला, नाकाशी नेला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ओलं लागलं होतं मला," ते म्हणाले. "पाइप ओला लागला होता. मला वाटलं धुतल्याचं पाणी आहे. हे तेल आहे. ब्रेकचं तेल आहे हे." ते बाईंकडे वळले. "मॅडम, मला दिसत नाही. मी लपवलं. या पोराचा जीव घेत होतो मी. मला काढून टाका."

बाई त्यांच्यासमोर उभी राहिली. हवं होतं ते सगळं समोर होतं. वाकलेली मान, चुरगळलेली कॉलर, भरलेलं अंगण. आणि मी पुन्हा सांगतो, तिला बरं वाटलं. ते म्हणतात ना, सूड घेतल्यावर हाती काही लागत नाही, तसं काही झालं नाही. चांगलं घोटभर बरं वाटलं.

"टेकडीवरून पडली ती बस आठवते?" ती म्हणाली. "हॉर्न ऐकून पास केलेली? तिचा कंडक्टर माझा भाऊ. चौकशीत काय म्हणालात ते आता सगळ्यांसमोर खरं बोला."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. आता त्यांना आठवलं कुठे पाहिलं होतं ते. "मी खाली उतरलो नव्हतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गाडी मी बघितलीच नव्हती. कंडक्टरची काही चूक नव्हती. माझी होती." आणि ते खड्ड्याच्या काठावर मटकन बसले.

दादाच्या नावावरचा डाग गेला.  बाईंनी डोळे मिटले. इथेच सगळं संपावं असं तिला फार वाटलं.

"मॅडम."

शिट्टी पुढे आला होता. त्याचा आवाज शांत होता, नुसतं समजून घ्यायचं असावं तसा. "मॅडम, पेडलचं मी तुम्हाला सकाळी सांगितलं होतं ना?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. म्हणता आलं असतं, मी गाडी तपासणीला लावायला सांगितली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं. लोकांनीही मान्य केलं असतं. त्यांना तिच्याकडून तेच ऐकायचं होतं.

"सांगितलं होतंस," ती म्हणाली. "आणि यांना दिसत नाही हेही मला माहीत होतं. डॉक्टरांचा फोन आला होता. मी मुद्दाम यांना खड्ड्यात ठेवलं. मुद्दाम तुझी गाडी यांच्याकडे पाठवली. मला यांना मारायचं होतं. तू माझ्या लक्षातच नव्हतास. हे मी वर लेखी कळवणार आहे. उद्यापासून मी या खुर्चीत नसेन."

शिट्टीला कळायला थोडा वेळ लागला. मग ते त्याच्या चेहऱ्यावर वर वर चढत गेलं. तो बसपाशी गेला, काचेवरचं चित्र काढलं, नीट घडी करून खिशात ठेवलं. परत आला. आता त्याच्या तोंडावर हसरेपणाचा मागमूस नव्हता.

"लक्षातच नव्हतो," तो म्हणाला.

"नव्हतास."

"नोकरी सोडलीत म्हणजे झालं, असं समजू नका, मॅडम. मी तुम्हाला सोडणार नाही. कितीही वर्षं लागोत. बघून घेईन तुम्हाला."

काठावर बसलेल्या मास्तरांनी मान वर केली आणि धड न दिसणाऱ्या डोळ्यांनी आवाजाच्या रोखानं बघत राहिले. बाईंना वाटलं, खाली बघावं. पण तिनं बघितलं नाही. त्या माणसाच्या डोळ्यांत जे होतं ते तिच्या इतकं ओळखीचं होतं की त्याला नाही म्हणायचं तोंड तिला नव्हतं.

"घे बघून," ती म्हणाली. "तुझा हक्क आहे."